तटबंदीपुढे अडलेले पाऊल

मडगावच्या फातोर्डा मैदानावर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी सिंगापूरने भारताच्या फुटबॉल संघाला २-१ असे हरविले आणि २०२७ सालच्या आशियाई करंडक स्पर्धेचे दार भारताला बंद झाले. लालियनझुआला छांगटे याने चौदाव्या मिनिटाला गोल करून यजमानांना आघाडी मिळवून दिली होती. ती टिकली नाही. सिंगापूरच्या साँग उई-यंगने मध्यंतरापूर्वी एक आणि मध्यंतरानंतर एक असे दोन गोल केले. त्यानंतर अर्धा तास हाती असूनही बरोबरीचा गोल भारताला सापडला नाही. पराभवानंतर प्रशिक्षकावर, महासंघावर आणि खेळाडूंच्या मानधनावर जी टीका व्हायची ती यथासांग झाली. परंतु अशा टीकेच्या धुरळ्यात मूळ प्रश्न दृष्टीआड होतो, आणि तो प्रश्न एका सामन्यापुरता नाही.

गेल्या काही वर्षांतील निकाल एकापुढे एक मांडले म्हणजे तो आपोआप स्पष्ट होतो. मार्च २०२४ मध्ये सौदी अरेबियातील आभा येथे अफगाणिस्तानशी विश्वचषक पात्रता फेरीचा सामना गोलशून्य सुटला. पाचच दिवसांनी गुवाहाटीत त्याच अफगाणिस्तानने भारताला २-१ असे पराभूत केले. सुनील छेत्रीचा तो दीडशेवा आंतरराष्ट्रीय सामना होता आणि भारताचा एकमेव गोल त्याने पेनल्टीवर केला होता. ६ जून २०२४ रोजी कोलकात्यात कुवेतविरुद्ध छेत्रीच्या निरोपाचा सामना झाला, तोही गोलशून्य. निवृत्तीनंतर चाळिशीत पोहोचलेल्या त्याच छेत्रीला २०२५ च्या मार्चमध्ये पुन्हा पाचारण करावे लागले आणि शिलाँगला बांगलादेशाविरुद्धचा सामना पुन्हा गोलशून्य राहिला. सप्टेंबर २०२५ मध्ये ताजिकिस्तानातील हिसोर येथे अफगाणिस्तानशी गाठ पडली, निकाल तोच. पाच सामने, गोल एक, आणि तोही पेनल्टीचा! यांतील प्रत्येक सामन्यात भारतच वरचढ होता असे म्हणता येणार नाही. शिलाँगला सुरुवातीच्या चांगल्या संधी बांगलादेशालाच मिळाल्या होत्या. तरीही या सामन्यांचा समान धागा नजरेतून सुटत नाही. प्रतिस्पर्धी आपल्या गोलपुढे दाटीवाटीने उभा राहिला, की चेंडू पायाशी असूनही भारतीय संघाला पुढचा मार्ग दिसेनासा होतो.

भिंतीची रचना

ज्याला क्रीडासमीक्षक ‘खोल बचाव’ म्हणतात तो नेमका कसा असतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. फुटबॉलचे मैदान साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. एवढ्या विस्तीर्ण जागेचे रक्षण दहा माणसांनी करणे अशक्यच. म्हणून बचाव करणारा संघ मैदानाचा बहुतांश भाग मोकळा सोडून देतो. आपल्या गोलपुढच्या तीस-पस्तीस मीटरांत चार-चार किंवा पाच-चार खेळाडूंच्या दोन रांगा तो एकीमागे एक उभ्या करतो. या दोन रांगांमध्ये फार अंतर पडू द्यायचे नाही, मधला पट्टा बंद ठेवायचा, प्रतिस्पर्ध्याला कडेच्या बाजूंना ढकलायचे आणि तेथून येणारे उंच चेंडू धिप्पाड बचावपटूंनी डोक्याने परतवून लावायचे, अशी ही व्यवस्था असते. गोलची चौकट अवघी ७.३२ मीटर रुंद. तिच्यासमोर माणसांचे असे दाट रान उभे राहिले, की नेम धरायलाही फट उरत नाही.

या व्यूहाचे खरे सामर्थ्य मात्र त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या मनावर होणाऱ्या परिणामात आहे. पहिली वीस मिनिटे आक्रमण करणारा संघ धीराने चेंडू फिरवितो. त्यानंतर घड्याळाचे भान येते. प्रेक्षक कुजबुजू लागतात. मग चेंडूची गती मंदावते, बाजूबाजूला निरर्थक पास सुरू होतात आणि शेवटी कोणीतरी वैतागून दुरूनच उंच चेंडू गोलपुढे भिरकावून देतो. बचाव करणाऱ्याला हेच हवे असते. अडविलेला चेंडू तो तत्काळ पुढे ढकलतो, आणि आक्रमणाच्या भरात पुढे धावलेल्या संघाच्या पाठीमागचे मोकळे मैदान त्याच्या एकदोन चपळ खेळाडूंना आंदण मिळते. वेढा घालणाऱ्याची छावणीच लुटली जावी, तसा हा प्रकार असतो.

भिंत उभारणारा संघ भ्याड आहे, असे मानण्याचे मात्र कारण नाही. दुबळ्याला आपल्या कुवतीप्रमाणे लढण्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि भारतानेही तो वेळोवेळी बजावला आहे. १० सप्टेंबर २०१९ रोजी दोहा येथे आशियाई विजेत्या कतारला भारताने गोलशून्य रोखले. त्या सामन्यात भारतीय संघ बहुतेक वेळ आपल्याच गोलपुढे तळ ठोकून होता आणि गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधूने एकामागून एक फटके अडविले. त्या बरोबरीचे देशभर कौतुक झाले व ते योग्यच होते. जी विद्या आपल्या हाती असताना पराक्रम ठरली, ती दुसऱ्याच्या हाती गेल्यावर रडीचा डाव ठरू शकत नाही. प्रश्न एवढाच, की भिंत उभारायला शिकलेल्या भारताला भिंत फोडण्याची विद्या का अवगत झाली नाही?

नवी मुंबईचा धडा

या प्रश्नाची सर्वांत बोलकी साक्ष महाराष्ट्राच्या भूमीवरच घडली आहे. २०२२ च्या जानेवारीत महिलांची आशियाई करंडक स्पर्धा नवी मुंबई, मुंबई आणि पुणे येथे भरली होती. बारा संघांच्या या स्पर्धेतूनच २०२३ च्या विश्वचषकाची वाट जात होती, म्हणून भारताच्या मुलींपुढे फार मोठी संधी होती. २० जानेवारीला डी. वाय. पाटील मैदानावर भारताची पहिली गाठ इराणशी पडली. इराणचा संघ या स्पर्धेत प्रथमच उतरत होता आणि क्रमवारीत भारताच्या खाली होता. गटात चीन असल्यामुळे इराणविरुद्धचा विजय भारताने मनाशी गृहीत धरला असल्यास नवल नाही. प्रत्यक्षात इराणच्या मुली शिस्तीने मागे उभ्या राहिल्या, त्यांची गोलरक्षक जोहरेह कुदाई खंबीर ठरली, आणि घरच्या मैदानावर वरचढ खेळूनही भारताला नव्वद मिनिटांत एकही गोल करता आला नाही.

पुढे जे घडले ते खेळाच्या बाहेरचे होते. भारतीय पथकाला कोरोनाने गाठले. २३ जानेवारीच्या तैवानविरुद्धच्या सामन्यासाठी नियमानुसार आवश्यक असलेले किमान तेरा खेळाडूही उभे करता आले नाहीत. भारताने स्पर्धेतून माघार घेतल्याचे मानण्यात आले आणि इराणविरुद्धचा निकालही रद्दबातल ठरला. म्हणजे तो गोल झाला असता तरी त्या वर्षी भारताचे नशीब बदलले नसते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. परंतु निकाल पुसला गेला म्हणून धडा पुसला जात नाही. त्या मुलींच्या जिद्दीत उणीव नव्हती, धावण्यात नव्हती, प्रशिक्षक थॉमस डेनरबी यांच्या अनुभवातही नव्हती. दाटीत चेंडू मिळाल्यावर निमिषार्धात निर्णय घेण्याची सवय जी लहानपणीच अंगी मुरावी लागते, ती मुरलेली नव्हती. ही सवय महिनाभराच्या सराव शिबिरात कोणालाही लावता येत नाही.

याच मुलींच्या परंपरेने पुढे आपले पाणी दाखविले, हेही येथे नमूद केले पाहिजे. जुलै २०२५ मध्ये थायलंडच्या भूमीवर थायलंडलाच २-१ असे नमवून भारतीय महिला संघ २०२६ च्या आशियाई करंडकासाठी पात्र ठरला. पात्रता फेरी खेळून हे यश मिळविण्याची ती पहिलीच वेळ. त्याआधी मंगोलियावर तेरा गोल चढविले होते. गोल करण्याची ओढ आणि क्षमता या मातीत नाही, असे म्हणणाऱ्यांना एवढे उत्तर पुरेसे व्हावे.

कबड्डीची साक्ष

मराठी वाचकाला या कोड्याची उकल करण्यासाठी परदेशी पुस्तके उघडण्याची गरज नाही. त्याच्या गावच्या कबड्डीत हेच नाट्य दर संध्याकाळी चालते. एकटा चढाईपटू आणि समोर सात जणांची फळी. फळीने मागे सरकून अंतिम रेषेशी उभे राहावे आणि चढाईपटूने मध्यरेषेजवळ दम घुमवीत वेळ काढावा, असे झाले तर खेळच संपेल. म्हणून कबड्डीच्या नियमकर्त्यांनी चढाईपटूला निदान रेषा ओलांडणे भाग पाडले. ती न ओलांडता परतणारा बाद होतो. समोर सहा किंवा अधिक बचावपटू असतील तर पलीकडची बोनस रेषा गाठणाऱ्याला गुण ठेवला. २०१४ साली सुरू झालेल्या व्यावसायिक लीगने आणखी पुढे जाऊन, दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवा नाहीतर बाद व्हा, असा दंडक घातला.

फुटबॉलमध्ये निदान रेषा नाही. चेंडू कितीही वेळ मागे-पुढे फिरवीत बसले तरी पंच शिटी वाजवीत नाहीत. सुस्त खेळाला आळा घालण्याचे प्रयत्न तेथेही झाले. १९९० च्या इटलीतील विश्वचषकाने प्रेक्षकांना जांभया आणल्यावर १९९२ मध्ये सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हाती घेण्यास बंदी आली. विजयाला दोनऐवजी तीन गुण देण्याची इंग्लंडमध्ये १९८१ साली सुरू झालेली पद्धत १९९४ च्या विश्वचषकात स्वीकारली गेली. तरीही तटबंदी उभारण्याचा हक्क नियमांनी कोणाचा काढून घेतला नाही, आणि तो घेताही येणार नाही. त्यामुळे कबड्डीत जे काम नियम करतो, ते फुटबॉलमध्ये संघालाच स्वतःच्या बुद्धीने करावे लागते. निदान रेषा ओलांडण्याची शिस्त त्याने स्वतःवर लादून घ्यावी लागते.

कबड्डीचा जाणता चढाईपटू कसा वागतो, हेही पाहण्याजोगे आहे. तो साखळीच्या मध्यावर डोके आपटीत नाही. डाव्या कोपऱ्याकडे झेप घेतल्याचा आभास निर्माण करून तो सारी फळी तिकडे झुकवितो, आणि फळी झुकली की उजव्या कोपऱ्यात एकटा पडलेला बचावपटू टिपतो. फळी हलविल्याखेरीज फट पडत नाही. जगातील मोठमोठ्या प्रशिक्षकांनी भिंत फोडण्याची जी तंत्रे शोधली, त्यांचे सार याहून वेगळे नाही.

कुलपाची किल्ली

त्या तंत्रांचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये कार्ल राप्पान या प्रशिक्षकाने ‘अडसर’ नावाची बचावपद्धती रूढ केली. इटलीत तिचे ‘कातेनाच्यो’ म्हणजे दाराची कडी असे नामांतर झाले. एलेनियो एरेरा यांच्या इंटर मिलान संघाने ही कडी इतकी घट्ट लावली, की १९६४ आणि १९६५ असा दोन वेळा युरोपीय करंडक मिलानला गेला. २५ मे १९६७ रोजी लिस्बन येथे अंतिम सामन्यात इंटरसमोर स्कॉटलंडचा सेल्टिक संघ उभा राहिला. सातव्या मिनिटालाच पेनल्टीवर गोल करून इंटरने दार लावून घेतले. त्यानंतर सेल्टिकने तासाहून अधिक काळ जे आरंभिले ते आजही अभ्यासण्याजोगे आहे. त्यांचे दोन्ही कडेचे बचावपटू आळीपाळीने आघाडीला जाऊन भिडू लागले. त्यामुळे इंटरच्या माणसांचा हिशेब चुकू लागला. गोलपुढची गर्दी बाहेर खेचावी म्हणून दुरून कडक फटके सुरू झाले. त्रेसष्टाव्या मिनिटाला गोल केला तो जेमेल या बचावपटूने, पेनल्टी क्षेत्राबाहेरून; आणि चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला आणखी एक दूरचा फटका चामर्सने वाटेतच वळवून जाळ्यात घातला. कडी निखळली. परभणीसारख्या जिल्ह्याने मनात कोरून ठेवावी अशी गोष्ट पुढेच आहे. त्या दिवशीचे सेल्टिकचे अकराही खेळाडू ग्लासगोच्या सुमारे तीस मैलांच्या परिसरात जन्मलेले होते.

उलट बाजूचे उदाहरणही तितकेच बोलके आहे. ६ डिसेंबर २०२२ रोजी कतारमधील विश्वचषकात स्पेनने मोरोक्कोविरुद्ध हजारावर पास दिले आणि गोल मात्र एकही केला नाही. शेवटी पेनल्टींच्या फैरीत स्पेनला एकदाही जाळे गाठता आले नाही. पासची संख्या वाढविली म्हणजे भिंत पडते, हा भ्रम त्या दिवशी दूर झाला. चेंडू फिरविणे हे साधन आहे. त्यामुळे समोरची रांग डावी-उजवीकडे हलली, एखादा बचावपटू एक पाऊल उशिरा पोहोचला, तरच त्याचा उपयोग. मंद गतीने दिलेले शंभर पास बचावपटूला विश्रांतीच देतात.

तेव्हा भिंत फोडण्याची कलमे मोजकीच आहेत. मैदानाची पूर्ण रुंदी वापरायची, म्हणजे रांगेला ताणावे लागते. एका बाजूला गर्दी जमवून चेंडू झटकन दुसऱ्या बाजूला पोहोचवायचा. दोन रांगांच्या मधल्या अरुंद पट्टीत उभे राहून, पाठीमागे माणूस असतानाही चेंडू घेऊन वळू शकणारा खेळाडू तेथे ठेवायचा. कडेवरून उंच चेंडू टाकण्याऐवजी अंतिम रेषेपर्यंत मुसंडी मारून चेंडू जमिनीवरून मागे द्यायचा. कारण त्या वेळी बचावपटूंची तोंडे आपल्याच गोलकडे असतात आणि मागून येणारा त्यांना दिसत नाही. कॉर्नर व फ्री किक यांची पाठांतरासारखी तालीम करायची. आणि हे सारे करीत असताना मागे तीन माणसे अशी ठेवायची, की चेंडू गमावताच प्रतिहल्ला जागीच मोडता यावा. हे वाचायला सोपे आहे. नव्वद मिनिटे आचरायला अत्यंत कठीण.

भारतीय संघाला ते जमत नाही याची कारणे काही अंशी व्यवस्थेत आहेत. देशातील प्रमुख लीगमध्ये बहुतेक संघांनी मधल्या आघाडीची आणि मधल्या फळीतील कल्पकतेची जागा वर्षानुवर्षे परदेशी खेळाडूंच्या हवाली केली. भारतीय मुले कडेने धावण्यात आणि बचावात वाकबगार झाली. कुलपात किल्ली फिरविण्याचे काम मात्र त्यांच्या वाट्याला क्वचितच आले. छेत्रीने आंतरराष्ट्रीय सामन्यांत ९५ गोल केले, ही त्याची थोरवी. परंतु चाळिशीत त्यालाच परत बोलवावे लागणे, हे पुढच्या पिढीच्या तयारीवरचे कठोर भाष्य आहे. संघटनांच्या कारभाराने या दुखण्यात भर घातली, हे कोणी नाकारणार नाही. तथापि सारा दोष दिल्लीच्या माथी मारून जिल्ह्यांना मोकळे होता येणार नाही. लीगमध्ये येणारा एकोणीस वर्षांचा मुलगा सातव्या वर्षी कुठेतरी खेळायला शिकलेला असतो. त्या वयात तो काय शिकला, हे गावातील मैदान ठरविते.

हैदराबादचा वारसा

येथे परभणीकरांना एका विसरलेल्या नात्याची आठवण करून देणे अगत्याचे आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत परभणी जिल्हा हैदराबाद राज्यात होता. त्याच राज्याच्या राजधानीत सय्यद अब्दुल रहीम नावाचा एक शिक्षक फुटबॉलचे नवे शास्त्र रचीत होता. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईच्या कूपरेजवर येऊन रोव्हर्स करंडक जिंकला. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ मध्ये दिल्लीत आणि १९६२ मध्ये जाकार्तात आशियाई सुवर्णपदक मिळविले. परभणी हैदराबादमधून बाहेर पडून मुंबई राज्यात आली, त्यानंतर बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबर १९५६ रोजी, रहीम यांच्याच संघाने मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरविले. मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने त्या सामन्यात तीन गोल केले. भारत त्या स्पर्धेत चौथा आला. आज अफगाणिस्तानपुढे अडखळणाऱ्या देशाचा हा इतिहास आहे, हे सांगूनही खरे वाटू नये!

रहीम यांच्या पद्धतीत आजच्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. मुलांनी चेंडू पायाशी कवटाळू नये म्हणून चेंडू घोळविण्यास मनाई असलेल्या स्पर्धा त्यांनी भरविल्या. चेंडू आला की लगेच पुढे द्यायचा. दुबळ्या पायाला बळ यावे म्हणून केवळ त्याच पायाने खेळण्याच्या स्पर्धा ठेवल्या. एका स्पर्शात पास देणारा आणि दोन्ही पायांनी खेळणारा खेळाडू दाटीतही कोंडला जात नाही, हे त्या शिक्षकाने ओळखले होते. आणि वेळ आली तेव्हा चाकोरी मोडण्याचे धाडसही त्यांनी दाखविले. जाकार्तात डोक्याला जखम झालेल्या जर्नेलसिंग या बलदंड बचावपटूला त्यांनी आघाडीला पाठविले, आणि दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात विजयाच्या दोन गोलांपैकी एक त्याच जर्नेलने केला. जी किल्ली सेल्टिकला लिस्बनमध्ये सापडली, तिची जात रहीम यांनी पाच वर्षे आधी ओळखली होती.

परभणीने काय करावे?

एवढ्यावर कोणी विचारील, की अवर्षण, पीकविमा आणि रोजगार यांच्या विवंचनेत असलेल्या जिल्ह्याने फुटबॉलच्या तटबंदीचा विचार का करावा? शंका रास्त आहे. पण खेळाचे मैदान ही चैनीची बाब मानली, की मुलांच्या वाट्याला मोबाइलचा पडदा तेवढा उरतो. शिवाय येथे कोट्यवधींच्या क्रीडासंकुलाची मागणी करायची नाही. मागणी आहे ती थोड्या जागेची आणि पुष्कळ सातत्याची.

सातत्य म्हणण्याचे कारण आहे. १५ सप्टेंबर २०१७ रोजी, भारतात सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भरण्याच्या तोंडावर, राज्य शासनाने ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ साजरे केले. राज्यभरातील शाळांना फुटबॉल वाटण्यात आले आणि दहा लाख मुलांनी एकाच दिवशी खेळावे असा संकल्प सोडण्यात आला. संकल्प चांगला होता. परंतु उत्सवाचा दिवस मावळल्यावर मुलांना खेळ शिकविणार कोण, याचे उत्तर त्या संकल्पात नव्हते. चेंडूतील हवा जाते. ती पुन्हा भरणारा माणूस शाळेत लागतो. त्याच विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताच्या आघाडीला खेळला, याचे श्रेय त्या एका दिवसाला नाही. ते तालमींच्या नावाने पिढ्यानपिढ्या संघ उतरविणाऱ्या कोल्हापूरच्या पेठांना आणि पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीला आहे. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांच्या लढतीला जे शहर लोटते, तेथे मुलाला फुटबॉल ‘शिकवावा’ लागत नाही. तो त्याच्या कानावर पडतच वाढतो. परभणीच्या मातीत हे स्थान कबड्डीला आहे. म्हणून परभणीने कोल्हापूरची नक्कल न करता आपल्या कबड्डीच्या मैदानापासूनच आरंभ करावा.

हे अलंकारिक बोलणे नाही. पुरुषांचे कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. जगातील नामांकित संघ भिंत फोडण्याचा सराव ज्या लहान चौकोनात करतात, तो जवळपास एवढाच असतो. कडेला चार मुले, मध्ये दोन. बाहेरच्या चौघांनी एक किंवा दोन स्पर्शांत चेंडू फिरवायचा आणि मधल्या दोघांनी तो हिरावून घ्यायचा. बार्सिलोनाच्या संघात योहान क्रायफ यांनी या साध्या खेळाला सरावाचा पाया बनविले. काळ्या मातीच्या मुलखात गवताचे मोठे मैदान राखणे अवघड असते. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात भेगा. पण मुरूम पसरून चोपलेला कबड्डीचा चौकोन जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत आणि पाथरीपासून पूर्णेपर्यंत कोणत्याही शाळेला जमण्याजोगा आहे. अरुंद जागा ही येथे उणीव ठरत नाही. खोल बचाव आक्रमकाला शेवटी ढकलतो तो अरुंद जागेतच.

तेव्हा जिल्ह्याच्या शालेय क्रीडा व्यवस्थेने तीन गोष्टी मनावर घ्याव्यात. पहिली, बारा वर्षांखालील मुला-मुलींसाठी पाच-पाच खेळाडूंच्या छोट्या मैदानावरील आंतरशालेय स्पर्धा. आणि त्यांत रहीम यांच्या धर्तीवर काही फेऱ्या एका स्पर्शाच्या, काही फेऱ्या दुबळ्या पायाच्या. दुसरी, नऊही तालुक्यांत निदान एकेका क्रीडाशिक्षकाला फुटबॉल प्रशिक्षणाचा प्राथमिक परवाना मिळवून देण्याची तजवीज. तिसरी, मुलींसाठी वेगळी आणि सुरक्षित वेळ. नवी मुंबईत अडलेले पाऊल मुलींचे होते आणि चिआंग माईत पुढे पडलेले पाऊलही मुलींचेच. यांपैकी एकाही गोष्टीला दिल्लीची परवानगी लागत नाही, मुंबईचा निधीही फारसा लागत नाही. दर वर्षी न चुकता ती करणारी माणसे मात्र लागतात.

यातून उद्या परभणीचा खेळाडू भारतीय संघात दिसेल, असे आश्वासन कोणी देऊ नये. परंतु ग्लासगोभोवतीच्या तीस मैलांतून युरोपचा विजेता संघ उभा राहिला, आणि परभणी शहराभोवती तेवढ्याच त्रिज्येचे वर्तुळ काढले तर जिल्ह्याचा बराचसा भाग त्यात सामावतो. त्या वर्तुळात बुद्धी कमी नाही, चापल्य तर कबड्डीने दिलेलेच आहे. समोरची फळी हलेपर्यंत धीर धरणे आणि फट दिसताच क्षणाचाही विलंब न लावणे, हे दोन गुण एकाच मुलाच्या अंगी बाणविणारे शिक्षण जिल्ह्याला उभे करावयाचे आहे. मडगावची भिंत फोडण्याची तालीम मडगावात होत नसते. ती दहा वर्षे आधी, एखाद्या शाळेमागच्या मुरमाच्या चौकोनात झालेली असावी लागते.